तीन चाकं एकोणतीस, एक बावीस

नाही साहेब, नुसता समोरचा हवेचा दिवा घालवून देणार नाही मी. बटण दाबलं की जातो, माहीत आहे – दोन सेकंदांचं काम. पण आधी चारही चाकांची हवा मोजायची. थंडीनं हवा उतरते, खरंय तुमचं, पण थंडी काय एकाच चाकाला वाजते का? उतरली तर चारही चाकांत सारखी उतरते. हे बघा – एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस, आणि हे मागचं डावं, बावीस. सेन्सर खोटं बोलत असेल म्हणता? त्याची बॅटरी गारठ्यात मान टाकते, मान्य, पण हा हवा मोजायचा काटा माझ्या हातातला, याला कुठली बॅटरी? उतरवा मुलांना. जॅक लावतोय.

घाई आहे, दिसतंय. भावजींनाही होती – माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गेल्या हिवाळ्यात असेच सकाळी आले, उतरलेही नाहीत, काच खाली करून म्हणाले, 'अरे, हा दिवा बघ, डोक्याला ताप झालाय.' बाहेर कडाक्याची थंडी, माझ्या हातात गरम चहा. म्हटलं, थंडीचा असेल. खिडकीतून हात घातला, बटण दाबलं, दिवा गेला. काटा खिशात होता – खिशात, साहेब. कप खाली ठेवायचा कंटाळा, दुसरं काय. तासाभरात घाटातल्या वळणावर टायर फाटला, गाडी कठड्यावर. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आणि ती सकाळच पुसली गेली त्यांच्या डोक्यातून. शुद्धीवर आले तेव्हा माझाच हात धरून म्हणाले, 'चूक माझी. तुला दाखवून गेलो असतो तर...' मी काय केलं? हात सोडवून घेतला. बाहेर ताईनं विचारलं, 'तुझ्याकडे आले होते का रे?' – नाही म्हणालो. तोंडातून निघून गेलं, मग परत घेता येईना. ती अजून त्यांना बोलते, घरचा टायरवाला असून तुम्हाला दोन मिनिटं थांबता आलं नाही. ते मान खाली घालून ऐकतात. मी तिथेच बसलेला असतो – जेवत. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे, बायकोलाही सांगितलेलं नाही.

थांबा, साबणाचं पाणी टाकतो. आले बुडबुडे. हा बघा खिळा, नखाएवढा, आणि बसलाय कुठे – नक्षीच्या मधोमध, नशीब तुमचं. कडेला असता तर टायरच फेकावा लागला असता. घाटापर्यंत पोचला असता तुम्ही, पुढचं सांगता येत नाही. धरा तो टॉर्च, हलवू नका – खिळा उपटून भोक बुजवतो. झालं – आता पुन्हा पाणी. एक बुडबुडा नाही. चारही तेहेतीस. आता दाबतो बटण, आता त्याला अर्थ आहे. उद्या सकाळी गाडी गार असताना परत मोजा, इंजिन सुरू करण्याआधी.

काय बघताय? हो – तेच. कुबडीवर येताहेत ते. रोज दुपारी येऊन बसतात माझ्याशी गप्पा मारत, घरी बोलणी खाण्यापेक्षा इथं बरं म्हणतात. आज लवकर आले.

नाही, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही कोण सांगणारे? सांगायचं ते मीच सांगेन. बसवा मुलांना, पट्टे लावा. निघा तुम्ही, साहेब. जाताना ते दार ओढून घ्या. या भावजी, बसा – नाही, चहा नंतर. आधी बसा.