आत एकच जागा

वॉशिंग्टनच्या कोर्टाबाहेर सुनावणीसाठी पहाटेपासून रांग होती. माझी जपमाळ चालू होती. पुढे दोघी एकाच थर्मासातली कॉफी पीत होत्या.

“माझा मुलगा सरकारी वकील. आज पहिलीच केस!”

“अगं बाई! म्हणजे आमचा ड्रोनचा कारखाना बंदच ठेवा, असं तोच सांगणार?”

“तो कारखाना तुमचा? पण बंद का केला, ते हा सांगतच नाही.”

“राष्ट्राध्यक्षांचा हुकूम. देशाला धोका म्हणे. कसला, ते विचारायचं नाही. माझी नोकरी गेली ना!”

“लहानपणी काच फोडली की हाही म्हणायचा, कारण विचारू नकोस.”

“मग?”

“कारण सांगेपर्यंत जेवण नाही!”

शिपाई ओरडला, “आत एकच जागा आहे!”

“जा तू, ऑडेट,” वकिलाची आई म्हणाली.

“अहो, मुलाची पहिली केस ना?”

“आठवडाभर स्वयंपाकघरात तेच ऐकतेय. त्यानं कारण सांगितलं का, तेवढं येऊन सांग. तोवर घरी चूल बंद.”