कुंपणावरून आलेला

जपानातल्या तोमिओकाच्या बसमध्ये यासुएबाईंनी डोळे मिटले होते, पण कान मागच्या सीटवर होते. तिथे रेशीमवाले हागिवारा आणि त्यांच्या लेकीला मागणी घालायला आलेला प्रयोगशाळेतला तरुण, पायाशी एक पेटी ठेवून बसले होते.

“बाबा, मी रेशमाच्या किड्यांवर—”

“बाबा कोणाचा? अजून ठरायचंय. हागिवारा-सान म्हण. आणि किडे काय म्हणतोस? त्यांच्या जिवावर आमच्या चार पिढ्या जेवल्या. ओकाइको-सामा म्हणायचं, अदबीनं.”

“चुकलो. ओकाइको-सामांच्या जनुकांत काही उनाड तुकडे असतात. ते उड्या मारत कुठेही घुसतात नि नासधूस करतात.”

“म्हणजे चोर. मग त्यांना धरतं कोण?”

“इवलेसे आरएनए. त्यांच्याकडे चोराची खूण असते. चोर आपली नक्कल काढायला लागला, की तिथल्या तिथे ती कापली जाते.”

“खूण आली कुठून?”

“चोरांकडूनच. पूर्वी घुसलेले काही चोर तिथेच अडकून पडले. त्यांच्यापासूनच हे राखणदार तयार होतात.”

“म्हणजे आधी चोरून शिरायचं आणि मग तेच घर राखायचं?”

“तसंच काहीसं.”

“गेल्या उन्हाळ्यात माझ्या तुतीच्या कुंपणावरून उडी मारून येणारा तूच ना रे?”

“…हो.”

“हं.”

यासुएबाईंचा थांबा केव्हाच मागे पडला होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आपला थांबा आला, हागिवारा-सान.”

“बाबा म्हण. आणि ती पेटी उचल. हळू! ओकाइको-सामा झोपलेत.”