दुखत नसलेली दाढ

थोरली : ...म्हणून मी दारातच थांबले. घरमालकाचा फोन आला, बाबा वारले, खोली रिकामी करा. आले तर आत तू. सावत्र बहीण भेटली की काय करतात, ते कुणी शिकवलंच नाही गं.

धाकटी : मलाही त्यांचाच फोन. तुम्ही येणार कळलं, म्हणून आरशासमोर कडक चेहरा करून पाहत होते. तुम्ही आलात आणि मला शिंक आली.

थोरली : तीही हुबेहूब बाबांसारखी. भांडी हादरली.

धाकटी : तुम्हाला आठवते त्यांची शिंक?

थोरली : तेवढीच आठवते. मी शाळेतही जात नव्हते, तेव्हा गेले ते तुमच्याकडे.

धाकटी : आमच्याकडे कुठले! मी चालायला लागले, तेही चालायला लागले. आई म्हणायची, पहिल्या घरी परत गेले असतील.

थोरली : थांब. म्हणजे इतकी वर्षं मी तुझा राग राग केला, तो सगळा फुकट?

धाकटी : माझाही. तुमच्या नावानं उशी चावायचे मी.

थोरली : मी तर मनातल्या मनात तुला लाल सायकल घेऊन दिली होती. बाबा मागून धरून पळतायत वगैरे.

धाकटी : मला अजून सायकल येत नाही.

थोरली : आणि बाबा इथे एकटेच, एका कपात चहा पीत बसलेले. बघ, दुसरा कपच नाही.

धाकटी : एक सांगू? हसायचं नाही. मी तुमच्या दवाखान्यात येऊन गेलेय.

थोरली : दात दाखवायला?

धाकटी : तुम्हाला बघायला. तुम्ही विचारलंत, कुठे दुखतंय? काय सांगणार? ठेवलं एका दाढेवर बोट.

थोरली : आणि मी?

धाकटी : भरलीत. म्हणालात, आतून किडलीय. आयुष्यात एकदा धडधडीत खोटं बोलायला गेले, तेही खरं निघालं!

थोरली : अगं, मग बोलायचं ना!

धाकटी : तोंडात तुमचा हात होता. पण इंजेक्शन द्यायच्या आधी तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात. तेवढ्यासाठी पुन्हा यायचं होतं.

थोरली : मग?

धाकटी : दुसरी दाढ किडेचना.

थोरली : वेडे, तो हात मी सगळ्यांच्याच डोक्यावरून फिरवते. पेशंट पळू नये म्हणून.

धाकटी : माहितेय. तरी.

(खालून घरमालकाची हाक : "वर कोण आहे?")

थोरली : सांग ना. बसस्थानकावर दिवसभर माइकवर बोलतेस म्हणालीस, आता आवाज बसला?

धाकटी : ...आम्ही आहोत. त्यांच्या मुली.