घाटातली आरोळी

रेकॉर्डिंगला कंचं सॉफ्टवेअर घेऊ, असं मला इचारतोस, भाऊ? घरातल्या स्टुडिओसाठी मीबी दोन डाऊनलोड केली व्हती. तपासायला आईच्या मोबाईलमधली क्लिप घेतली. बैलगाडा शर्यतीच्या घाटात वडलांचा गाडा पळतानाची, ते गेले त्याच्या आदल्या वर्षीची. आई रोज ऐकायची. एका सॉफ्टवेअरनं बैलांमागची सगळी आरडाओरड पुसली. माईकवर निवेदकानं पुकारलेलं वडलांचं नाव खणखणीत आलं. मी जुनी क्लिप कायमची काढून हीच आईच्या मोबाईलमधी टाकली.

ऐकून आई म्हणली, “त्यांची आरोळी कुठं गेली?”

“अगं, नाव बघ की किती साफ आलंय.”

“नाव तर दशक्रियेच्या फ्लेक्सवरबी व्हतं.”

तेच घे, भाऊ. लई भारी हाय. मागं कायच ठेवत न्हाई.