दत्ताभाऊंचा घसरणारा सूर

परवा वाटी परत द्यायचं निमित्त काढून मी शेजारच्या दत्ताभाऊंकडे डोकावलेच. त्यांचा ऑर्केस्ट्रातला जुना सिंथेसायझर कायमचा बंद पडलाय, आणि रविवारी मळवलीत पुतणीच्या हळदीला वाजवायचं कबूल करून बसलेत. म्हणून लेकीने कीबोर्डला लॅपटॉप जोडून, त्याच सिंथेसायझरचा आवाज देणारी तीन सॉफ्टवेअरं लावली होती.

पहिल्याला भाऊ म्हणाले, "न्हाई." दुसऱ्याला, "लय गुळगुळीत."

तिसऱ्यात सूर जरा घसरला, आणि भाऊंनी लॅपटॉपला सणसणीत चापट मारली!

"बाबा, फुटेल ना!"

"अगं, माझा तापला की असाच घसरायचा. चापट मारली की सुरात यायचा. स्टेजवर वीस वर्षं मारत आलोय." भाऊंचे डोळे भरून आले. "हळदीला हेच ठेव. फकस्त लॅपटॉप माझ्या हातापासनं लांब ठेव."