काढून घेतलेला मधला बांबू

पुरवणी जबाब
दिनांक १७ जानेवारी, दुपारी १२.४० वाजता

नाव इंद्रकुमार टिकाराम रहांगडाले, वय २३ वर्षे, शिक्षण नववीपर्यंत, परीक्षेला बसलो नाही. धंदा मिळेल ते काम. राहणार नागरा, तालुका जिल्हा गोंदिया. दिनांक १४ पर्यंत दोन महिने मुक्काम नवेगाव बांध, बकाराम वलथरे यांच्या पडवीत.

मी कोणाच्या दबावात नसताना समक्ष हजर होऊन सांगतो की, परवा दिनांक १५ रोजी मी याच ठाण्यात श्यामलाल बागडे यांच्या विरोधात तक्रार दिली होती. श्यामलालभाऊ नवेगाव बांध ते गोंदिया काळीपिवळी जीप चालवतात. ते दारू पिऊन होते आणि त्यांच्यामुळे बकाराममामांच्या गरीच्या सातपैकी पाच काठ्या मोडल्या, असे मी लिहून दिले. काठ्या मोडल्या हे खरे आहे. बाकीचे मी मनाने सांगितले. खोटी तक्रार दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे हवालदार साहेबांनी समजावून सांगितले आहे. मला ते समजले आहे.

बकाराममामा जातीने ढीवर, वय सत्तरच्या वर. तलावावर जाळे टाकणारे पुष्कळ आहेत, पण गरीची काठी, म्हणजे गळ लावायची बांबूची काठी, त्यांच्यासारखी कोणी करत नाही. बांबू जंगलातून निवडून आणायचा, सावलीत वाळवायचा, विस्तवावर फिरवून फिरवून सरळ करायचा. मरळीची काठी वेगळी, रोहूची वेगळी. मी नोव्हेंबरात तिथे पक्षी बघायला आलेल्या लोकांचे सामान उचलायला गेलो होतो. त्याच्या आधी मी बालाघाटकडे एका ढाब्यावर होतो, त्याच्या आधी रायपूरला टाइल्सच्या कामावर. (हवालदार साहेबांनी विषयावर यायला सांगितले.) मामांकडे विस्तव धरायला बसलो तो तिथेच राहिलो.

गेल्या पावसाळ्यापासून मामांचा उजवा हात कापतो. ह्या सात काठ्या त्याच्या आधीच्या. आता नवीन होत नाहीत. त्यांची मुलगी रचनाताई फुलचूरला राहते. गोंदियात कारागिरांचे प्रदर्शन होते, त्यात तिने वडिलांचे नाव दिले होते. काठ्या तिच्या घरी पोचवायचे काम मामांनी मला दिले. मी मागितले नव्हते. त्यांनीच म्हटले, "इंदर नेईल. त्याले सारं माहीत हाय."

मला खरेच माहीत होते. काठ्या माझ्यासमोर बांधल्या. दोऱ्या सोडून घेतल्या, गळ काढून वेगळ्या डब्यात ठेवले, कारण गळ दुसऱ्या काठीला ओरखडतो. बुडखे सगळे एका बाजूला, शेंडे एका बाजूला. मधोमध एक जाड साधा बांबू घातला, सगळ्यात लांब काठीपेक्षा हातभर लांब. शेंडा करंगळीपेक्षा बारीक असतो. कुठेही काही लागले तर पहिले त्या जाड बांबूला लागावे, शेंड्याला लागू नये, याच्यासाठी तो असतो. दोरी नाही वापरली, गाडी हादरली की दोरी रुतते. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी पाच ठिकाणी बांधले, आवळून नाही, बोट जाईल इतके. मामा म्हणाले, "जागेवर जाईपर्यंत मधल्या बांबूले हात लावजो नोको." मी हो म्हटले.

दिनांक १४ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास श्यामलालभाऊंनी स्वतः टपावर चढून गठ्ठा कॅरिअरला बांधला. शेंडे मागे, वर काही सामान नाही. एका बाईचे तांदळाचे पोते त्यांनी वर न ठेवता पायाशी ठेवले, ती कुरकुरली तरी ऐकले नाही. मधला बांबू गाडीच्या मागे निघाला होता, त्याला त्यांनी लाल फडके बांधले. मला म्हणाले, "म्हाताऱ्यानं तुह्यावर भरोसा टाकला बे. मी त नसता टाकला." हे ते हसून बोलले. मी पण हसलो.

कोहमारा येथे सव्वानऊ वाजता पोचलो. तिथे गाडी भरेपर्यंत थांबते. मी खाली उतरलो. तिथे वडे चांगले मिळतात. वडा घेऊन येत होतो तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी अडकलेला दिसला. वर पडद्यांचे नळकांडे आणि एक रंगवलेला महाल उभा बांधला होता, आणि टीव्हीच्या केबलची तार त्या महालाच्या कळसाला अडकत होती. मी दोन वर्षांपूर्वी वडसा इथल्या एका नाटक कंपनीत पडदा ओढायला होतो, एकदा शिपायाचे काम करणारा आला नाही तेव्हा भाला धरून उभा पण राहिलो होतो. (हे लिहायची गरज नाही असे हवालदार साहेब म्हणाले, मी म्हटले लिहा, याच्यामुळेच झाले.) मला वाटले, ही आपली माणसे आहेत. ट्रकवरचा एकजण ओरडत होता, "लंबा बांबू हाय का कोनाजवळ?"

मी म्हटले, आहे.

श्यामलालभाऊ तेव्हा समोरच्या टपरीत चहा घेत होते. मी टपावर चढलो, दोन चिंध्या सोडल्या आणि मधला बांबू ओढून काढला. त्या बांबूने मी तार उचलून धरली. ट्रक खालून गेला. लोक बघत होते. ट्रकवरच्या एका मुलीने माझ्याच मोबाईलमध्ये माझा व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "वा हिरो." ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला की पुढे सडकेवर अजून तारा आहेत, बांबू असू दे. मी देऊन टाकला. नाही म्हणायला तोंड होते, पण मी म्हटले नाही.

परत येऊन सोडलेल्या दोन चिंध्या मी बांधल्या. गठ्ठा मध्ये पोकळ झाला होता, म्हणून जोरात आवळल्या. लाल फडके खाली पडले होते, ते सीटखाली टाकले. श्यामलालभाऊ गाडीत बसले, आरशात बघितले आणि म्हणाले, "इंदर, बांबू दिसून नाही रायला. मधात हाय ना?"

मी म्हटले, "हाय. आत सरकला असंल."

त्यांनी उतरून बघितले नाही. मी सांगितले म्हणून बघितले नाही. पहिल्या तक्रारीत मी याला निष्काळजीपणा म्हटले होते.

दहाच्या पुढे गोरेगाव आले. सवाऱ्या उतरल्या, काही चहाला गेल्या. स्टँडवर गाडी मागे घ्यायची होती, मागे पाण्याच्या टाकीची भिंत आहे. श्यामलालभाऊंनी मला मागे उभे राहून बघायला सांगितले. मी उभा राहिलो. हातात मोबाईल होता आणि मी तारेचा व्हिडिओ बघत होतो. व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. मी तो चौथ्यांदा बघत होतो. मी म्हणत होतो, "येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या."

पहिल्या तक्रारीत "ड्रायव्हरने मागे न बघता गाडी घेतली" असे आहे. शेंडे किती मागे आहेत हे त्यांना आरशात दिसत नव्हते. ते माझे ऐकत होते.

मधला बांबू असता तर तो आधी भिंतीला टेकला असता, ठक्क आवाज झाला असता, गाडी थांबली असती. शेंड्यांचा आवाज फार झाला नाही. तुरीची वाळलेली काडी मोडावी तेवढा झाला. श्यामलालभाऊंनी ब्रेक मारून विचारले, "काय झालं बे?" मी म्हटले, "काही नाही, भिंतीजवळ काड्या पडल्या होत्या." तेव्हा मला माहीत होते. गाडीतल्या एका रिकाम्या पोत्याने मी शेंडे झाकले.

अकराच्या सुमारास फुलचूर नाक्यावर मी गठ्ठा घेऊन उतरलो. उतरताना श्यामलालभाऊ म्हणाले, "ताईले सांगजो, वापस आनताना बी याच गाडीनं पाठव." ते गेले. रचनाताईंनी ओसरीत पोते काढले. त्यांनी काठ्या बघायच्या आधी विचारले, "मधला बांबू कुठी हाय?" त्या बकाराममामांच्या मुलगी आहेत, त्यांना तेच आधी दिसले.

मी म्हटले, श्यामलालने काढून फेकला. त्या म्हणाल्या, कायले फेकंल तो, त्याले काय समजत नाही का. तेव्हा मी म्हटले की ते पिऊन होते.

हे मी का सांगितले याचे कारण साहेबांनी विचारले. कारण असे की ते लगेच पटते. श्यामलालभाऊ पूर्वी फार प्यायचे, हे ह्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. सहा वर्षांपासून सोडलेली आहे, हेही माहीत आहे, मला पण माहीत होते. मी दोन महिन्यांत त्यांच्या गाडीत वीस-पंचवीस वेळा बसलो, कधीच वास आला नाही. त्या दिवशी पण आला नाही. दुसरे काही सांगितले असते तर रचनाताईंनी अजून विचारले असते. दारू म्हटल्यावर पुढे काही विचारले नाही.

त्यांनी तिथूनच वडिलांना फोन लावला. स्पीकरवर होता. बकाराममामांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पोराले त लागलं नाही ना कुठी?" मी म्हटले, नाही मामा. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गेलो नाही, माझी पिशवी तिथेच आहे.

तक्रार द्यायला मी आपणहून आलो नाही. दुसऱ्या दिवशी रचनाताईंच्या घरचे घेऊन आले. येताना दोनदा पळून जायचे मनात आले, मला पळायची सवय आहे. तेव्हा एक दिवस उलटला असल्याने श्यामलालभाऊंची तपासणी करता आली नाही. माझ्या बोलण्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता. त्यांची गाडी ठाण्याच्या आवारात लागली. स्टँडवाल्यांनी सवाऱ्या भरायच्या रांगेतून त्यांचा नंबर काढला असे काल ऐकले.

आज सकाळी मला सही राहिली म्हणून बोलावले होते. मी ह्याच खोलीत खिडकीजवळ बसलो होतो. श्यामलालभाऊ बाहेर बाकावर होते. सव्वाअकराला त्यांच्या पत्नी सुशिलाबाई आल्या. त्यांनी आणलेला डबा बाकावर ठेवला.  मग त्या वाकल्या आणि त्यांनी श्यामलालभाऊंच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्यांसमोर. घटना तीन दिवसांपूर्वीची, तरी घेतला. श्यामलालभाऊंनी मान वळवली नाही, तोंड थोडे उघडले, सवय असल्यासारखे. मग त्या फाटकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मी हवालदार साहेबांना म्हटले की मला सही करायची नाही, मला परत सांगायचे आहे.

श्यामलाल बागडे यांचा ह्या नुकसानीत काही दोष नाही. ते प्यायलेले नव्हते. बांबू मी काढला, मी देऊन टाकला, आतच आहे म्हणून मी सांगितले, आणि येऊ द्या मी म्हटले. व्हिडिओ मोबाईलमध्ये आहे, मी पुसलेला नाही, तो दाखवला आहे. त्यात बांबू आणि वेळ दोन्ही दिसतात.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी वाचायला घेतला तेव्हा मी विनंती केली की श्यामलालभाऊंना आत बोलवावे. ते आत येऊन दाराशी उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकले. साहेबांनी त्यांना काही म्हणायचे आहे का असे विचारले. ते म्हणाले, "मले कायले वाचून दाखवता साहेब. मी पिलो नोहतो हे मले मालूमच होतं. तिच्यासमोर वाचा."

साहेब म्हणाले असा नियम नाही. मग त्यांनी शिपायाला फाटकाकडे पाठवले.

सुशिलाबाईंना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. साहेबांचा घसा बसला होता म्हणून दुसऱ्यांदा मला वाचायला सांगितले. मी अडखळत वाचले. दारूचा मजकूर आला तिथे त्यांनी मला थांबवून तेवढाच भाग परत वाचायला लावला, आणि विचारले, "हे तुहंच बोलनं हाय ना?" मी हो म्हटले. त्यांनी एकदा श्यामलालभाऊंकडे बघितले. साहेबांना म्हणाल्या, "या कागदाची झेराक्स मले भेटंल का? स्टँडवर दाखवाची हाय. घरी बी ठेवाची हाय."

प्रत त्यांना द्यावी, माझी हरकत नाही.

हा जबाब एकदा मला वाचून दाखवला आणि एकदा मी स्वतः सुशिलाबाईंसमोर वाचला. दोन्ही वेळा तो माझ्या सांगण्याप्रमाणेच होता. त्यात काही कमी करायचे नाही.

सही
इंद्रकुमार टिकाराम रहांगडाले