गजाला तेल

साठीनंतर व्हायोलिन शिकू लागलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या गजाने कालपासून तारांतून आवाजच निघत नव्हता, आणि रविवारी नातीच्या वाढदिवसाला त्यांना वाजवायचं होतं. वाद्यदुरुस्तीच्या दुकानात त्यांच्यापुढे दोन जावा उभ्या होत्या. धाकटीच्या हातातही गजच होता, तिच्या नवऱ्याचा.

"बिघडला कशाने गं?"

"मीच तेल लावलं, जाऊबाई. घोड्याचे असले तरी केसच ना ते? तेल लागलं की गज नुसता घसरतो. तार हूं की चूं करत नाही."

"आणि भाऊजींना संशय नाही?"

"ते दमट हवेला शिव्या घालतात. दुरुस्तीला मलाच पाठवलंय."

"चोराच्याच हाती किल्ल्या. पण तुला हे सुचलं कसं?"

"मला कुठलं सुचायला? त्यांच्या सरांच्या बायकोने सांगितलं. शिकवणी तिच्याच घरात चालते ना. ऐकून ऐकून डोकं चालायला लागलं बाईचं."

"आणखी कुणाला सांगितलं तिने?"

"एक पोस्टमास्तर आहेत म्हणे, नातीच्या वाढदिवसाला वाजवणार आहेत. त्यांच्या बायकोला परवाच सांगितलं. पोरीचा वाढदिवस तरी नीट होऊ दे."

"तेल कुठलं?"

"बदामाचं. एवढं महागाचं वाद्य, त्याला साधं कसं लावणार?"

पोस्टमास्तरांनी आपला गज हळूच नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला.

जावांचं काम आटोपल्यावर दुकानदाराने विचारलं, "काका, तुमचं काय?"

"केस बदलून द्या. आणि कुलूप लागेल अशी पेटी दाखवा."